टीआरची तारीख : परिवहन खात्यातल्या साहेबांना एका दहा टायरीवाल्याचं खुलं पत्र

मुंबईतल्या परिवहन खात्यातल्या आणि दिल्लीतल्या रस्ते वाहतूक मंत्रालयातल्या समद्या साहेब लोकांना संत्रापट्ट्यातून नमस्कार.

मी वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, आष्टी ह्या पट्ट्यातल्याच एका खेड्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहत नाही, कारण पुढचं लायसन मला त्याच खिडकीवरून काढायचं आहे. पाच वर्षं क्लीनर होतो, मग बावीस वर्षं ड्रायव्हरकी केली, आता गुडघा गेला म्हणून एक दहा टायरी ट्रक घेऊन मालक म्हणवून घेतो, मालक म्हणजे फायनान्सवाल्याचा हप्ता भरणारा. गाडीवर जो ड्रायव्हर आहे त्याले आम्ही उस्ताद म्हणतो, इथंही तेच लिहतो. चौरेचाळीस वय, एकही मोठा अपघात नाही, दारू नाही, फक्त खर्रा.

तर गोष्ट अशी का आमच्याकडचा आंबियाचा संत्रा नोव्हेंबरात तोडाले येतो आणि त्यातला बराच माल बांगलादेशात जातो. जायचा म्हणा आता, कारण तिकडच्या सरकारनं ड्युटी वाढवत वाढवत २०१९ मध्ये किलोमागं २० रुपये होती ती २०२३ पर्यंत ८८ वर नेऊन ठेवली. त्याच्यावर लय लोकांनी लिहलं, मोर्चे झाले, त्याबद्दल मी लिहत नाही. मी लिहतो ते लायसनबद्दल, ज्याच्यावर कोणी मोर्चा काढत नाही कारण ड्रायव्हर लोक मोर्चाच्या दिवशीही कुठंतरी ओडिशात असतात.

१८ नोव्हेंबर २०२४ ले आमची गाडी भरली. आठशे चाळीस कॅरेट, सतरा टनाच्या आसपास माल, वरून ताडपत्री, मधी हवा जायले जागा. नागपूर, भंडारा, देवरी, रायपूर, संबलपूर, मग झारखंडचा जरासा तुकडा लागतो बहरागोड्याजवळ, आणि खरगपूरवरून कलकत्ता, तिथून जशोर रोडनं बनगाव, पुढं पेट्रापोलची बॉर्डर. बारा-तेराशे किलोमीटर, पाच राज्यं. आपल्याकडं विधानसभेचं इलेक्शन होतं, २० तारखेले मतदान, त्यामुळं नाक्यानाक्यावर गाड्या चेक. भंडाऱ्याच्या अलीकडं पैसे आहेत का म्हणून ताडपत्रीची दोरी सोडली, वरचे चार कॅरेट खाली उतरवून पाह्यले, दोन संत्री खाल्लीही, पण लायसन कोणी मागितलं नाही. पुढच्या चार राज्यांत पण कोणी मागितलं नाही.

२१ तारखेले गुरुवारी दुपारी उस्तादाचा फोन.

"भाऊ, इथचे म्हनतेत का लायसन खतम झालं. पलीकडं जायचा पास बनवत नाही म्हनतेत."

"कसं खतम झालं?"

"तेच तं मी म्हनलं. २०३० लिवून आहे ना बाप्पा त्याच्यावर."

मी म्हटलं, त्याच्या खाली बारीक अक्षरात टीआर असं लिहून आहे का पाह्य, त्याच्यासमोर काय तारीख आहे. बराच वेळ काही बोलला नाही. मागं कोणाचा तरी हॉर्न वाजत होता. मग म्हणला, "दोन नोव्हेंबर."

साहेब, हे कार्ड तुम्ही बनवलं म्हणून तुम्हाले माहीत आहे, पण वाचणाऱ्यासाठी सांगतो. ट्रक ड्रायव्हरच्या लायसनवर दोन तारखा असतात. एक एनटी, म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे घरची मोटरसायकल नाहीतर कार चालवायची मुदत, ती लांबची असते. दुसरी टीआर, म्हणजे ट्रान्सपोर्ट, म्हणजे ज्याच्यावर त्याचं पोट आहे ती, जवळची. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही सारख्याच बारीक अक्षरात. माणसाची नजर मोठ्या सालावर जाते, २०३०, आणि तो कार्ड खिशात ठेवून देते. २०१९ मध्ये तुम्हीच ट्रक ड्रायव्हरसाठी आठवी पासची अट काढून टाकली, लय चांगलं केलं, माझ्या ओळखीतले सगळ्यात भरवशाचे ड्रायव्हर चौथीच्या पुढं गेलेले नाहीत. पण म्हणजे कमी शिकलेला माणूस चाळीस टनाची गाडी चालवू शकतो हे तुम्ही मान्य केलं, मग त्याचं स्वतःचं कार्ड त्याले वाचता येईल असं काहून नाही केलं? टीआरची तारीख देवनागरीत, मोठ्या अक्षरात, लाल रंगात छापाले किती शाई लागते?

चूक आमची होती हे मी कबूल करतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून रिन्यूअल करता येते हेही मले माहीत होतं. पण आमची चूक कशी झाली तेही ऐका. आम्ही दोघंही तीन वर्षाच्या हिशेबात वाढलेले. हेवीचं लायसन तीन वर्षांनी रिन्यू करायचं हे अंगवळणी पडलेलं. २०१९ च्या कायदा दुरुस्तीत तुम्ही तीनाचे पाच केले, ते बी चांगलंच केलं, उस्तादाचं लायसन त्याच साली नोव्हेंबरात रिन्यू झालं आणि त्याले पहिल्यांदा पाच वर्ष मिळाली. मग मधी करोना आला, तेव्हा तुम्ही मुदती वाढवल्या, परत वाढवल्या, कोणाची कधी संपते हा हिशेबच गावात कोणाजवळ राह्यला नाही. मेसेज येतो म्हणतात, आला असंल, पण लायसनले जोडलेला नंबर जुना होता, ते सिम २०२१ मध्ये बंद पडलं. आणि २ नोव्हेंबर म्हणजे बरोबर दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी उस्ताद तेलंगणात कापसाच्या गाठी उतरवत होता.

आता मुद्द्यावर येतो. १९ दिवस झाले होते मुदत संपून. १९. जुन्या मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, कलम १४ मध्ये एक ओळ होती का लायसनची मुदत संपली तरी ते पुढं ३० दिवस चालू धरलं जाईल. २०१९ च्या दुरुस्तीत ती ओळ काढून टाकली. मी स्वतः कायदा वाचणारा माणूस नव्हे, आमच्या तालुक्याच्या कोर्टात भाच्याची वकिली आहे त्यानं मले दाखवलं. म्हणजे तोच माल, तोच ड्रायव्हर, तीच बॉर्डर, सहा वर्षं आधी असतं तर १९ व्या दिवशी त्याचं लायसन चालू होतं आणि संत्रा त्याच संध्याकाळी पलीकडं उतरला असता. पाच वर्षाची मुदत दिली ती एका हातानं, आणि तीस दिवसाची सवलत घेतली ती दुसऱ्या हातानं, आणि घेतली ते कोणी गावात येऊन सांगितलं नाही. कार चालवणाऱ्याले फरक पडत नाही, तो घरी असतो, आठवलं का जाऊन येते. ट्रकवाला महिन्यातून चार दिवस घरी असते आणि त्या चार दिवसांत एक रविवार, एक दुसरा शनिवार आणि एक दिवस सर्व्हर डाऊन.

बरं मग मी उस्तादाले म्हटलं तिथंच करून घे रिन्यूअल. हेही भाच्यानंच सांगितलं होतं, कलम १५ मध्ये लिहलं आहे का कोणतंही लायसन देणारं ऑफिस रिन्यूअल करू शकते, आणि ज्यानं मुळात दिलं त्याले कळवायचं. कोणतंही. असं लिहलं आहे साहेब, तुमच्याच पुस्तकात. याच्या आधी एकदा दुसऱ्या एका ड्रायव्हरसाठी हायवेवरच्या एका मोठ्या शहरात, राज्याचं नाव सांगत नाही, मी स्वतः ते पान मोबाईलवर दाखवलं होतं, खिडकीतला माणूस हसला आणि म्हणला, आपके जिले में जाइए. मी त्याले दोष देत नाही, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जे बटन नाही ते तो कुठून दाबंल. मग बनगावात कोण ऐकणार होतं.

मग उपाय एकच. माझं स्वतःचं हेवी अजून जिवंत आहे, गुडघा नाही पण लायसन आहे. २२ च्या संध्याकाळी नागपूरवरून गीतांजलीच्या जनरल डब्यात बसलो. रात्रभर दारापाशी, सकाळी झारसुगुड्याच्या पुढं जागा मिळाली. २३ ले निकाल होता आपल्याकडं, डब्यात एक यवतमाळचा पोट्टा होता, तो मोबाईल कानाले लावून कोणती सीट कोणाची ते मोठ्यानं सांगत होता आणि अख्खा डबा, बंगाली लोकसुद्धा, त्याले विचारत होते. मले कशाचंच काही नव्हतं, मी फक्त कॅरेट मोजत होतो डोक्यात. हावड्याले उतरलो, बसनं सियालदह, तिथून बनगाव लोकल, दोन तास, उभ्यानं.

पार्किंगमध्ये गाडी सापडायलेच अर्धा तास गेला, शेकडो गाड्या, पंजाबच्या, राजस्थानच्या, आंध्राच्या, सगळे बॉर्डरच्या नंबराची वाट पाहत. आपली गाडी दिसायच्या आधी वास आला. ज्यानं संत्र्याचा ट्रक कधी चार दिवस उभा पाह्यला नाही त्याले तो वास सांगता येत नाही, गोड असते, पण पोटात ढवळते. ताडपत्री वर केली तर वरचा थर ठीक होता, देठापाशी जरा मऊ. खालच्या कॅरेटातून रस गळत होता, डाल्याच्या फटीतून टप टप, आणि खाली मागच्या टायराजवळ मुंग्यांची रांग लागली होती, सिमेंटवरून थेट रस्त्यापर्यंत. उस्ताद तिथंच टायराले टेकून बसला होता, माझ्याकडं पाह्यलं नाही. मी म्हटलं, जेवला का? तो म्हणला, "मालक, मले काल पोलीस नेते तं बरं झालं असतं."

कोणी म्हणंल, तिथं लोकल ड्रायव्हर भेटते ना, पलीकडं गाडी नेऊन देणारा. भेटते. पण अडलेल्या माणसापासून तो काय मागते ते तिथं जाऊन ऐका. आणि मालकाच्या गैरहजेरीत, हप्त्यावरची गाडी, अनोळखी माणसाच्या हातात, दुसऱ्या देशात, तुम्ही द्याल का साहेब? शुक्रवारी तिकडं बेनापोलले, म्हणजे बॉर्डरच्या बांगलादेशाकडच्या बाजूले, सुट्टी असते, तो एक दिवस तसाच गेला होता. माझ्या नावानं पासचे कागद परत बनले आणि सोमवारी २५ ले सकाळी मी स्वतः गाडी पलीकडं नेली. पलीकडचे हमाल बिचारे चांगले होते, सडलेले कॅरेट बाजूले काढताना एकजण बंगालीत काहीतरी म्हणला, मले समजलं नाही, पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एकशे साठ कॅरेट फेकले. व्यापाऱ्यानं भाड्यातून ३२ हजार कापले, आणि ज्या बागवानाचा तो माल होता त्याचं उरलेलं देणं त्यानं होळीपर्यंत लांबवलं, गाडी लेट झाली हे कारण सांगून. बागवानानं काय केलं होतं? त्यानं तर लायसन पाह्यलंही नव्हतं. तुमच्या फाईलीत हा मामला "ड्रायव्हरकडे वैध परवाना नव्हता" एवढ्या एका ओळीचा आहे, आणि ते खरंही आहे.

आणि रस्त्यात काही झालं असतं तर? देव न करो. लायसन संपलेलं असलं का इन्शुरन्स कंपनी मेलेल्याच्या घरच्यांले पैसे देते पण मग ते मालकाकडून वसूल करते, कोर्टात असेच निकाल लागतात. एका दहा टायरीच्या मालकाकडून काय वसूल करणार, घर, वावर, झालं. ते १९ दिवस आणि ते तेराशे किलोमीटर मी आता रात्री आठवतो तेव्हा झोप जाते, तेव्हा माहीतच नव्हतं म्हणून झोपलो.

त्याच नोव्हेंबरात ६ तारखेले सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला का साडेसात टनाच्या आतली मालगाडी एलएमव्हीच्या, म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या, लायसनवर चालवता येते, वेगळ्या ट्रान्सपोर्टच्या शिक्क्याची गरज नाही. आमच्याकडं पिकअपवाले खूश झाले, बागेतून मंडीत संत्रा नेणारे सगळे पिकअपवालेच आहेत, त्यांच्यावरची इन्शुरन्सची टांगती तलवार गेली. चांगलं झालं. पण बागेतून मंडीपर्यंत सोपं झालं आणि मंडीतून बॉर्डरपर्यंत जसं होतं तसंच, किंवा तीस दिवसानं जास्त अवघड.

एक गोष्ट आणखी, पोट्ट्यांबद्दल. लोक म्हणतात ड्रायव्हर भेटत नाही, खरं आहे, पंचवीस वर्षाचा नवीन ड्रायव्हर माझ्या लाईनीत मले शोधून सापडत नाही. हेवीचं शिकायले आधी एलएमव्हीचं लायसन एक वर्ष जुनं पाहिजे, वय वीस पाहिजे, आणि ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म पाच सर्टिफिकेट पाहिजे. मी ह्याच्या विरोधात नाही. सतरा टन माल घेऊन घाट उतरणं म्हणजे खेळ नाही, मी स्वतः क्लीनर असताना माझ्या तेव्हाच्या उस्तादाच्या बाजूले बसून पाच वर्षं फक्त पाह्यलं आहे. पण खेड्यापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत हेवी शिकवणारी, खरोखरचा ट्रक असलेली शाळा दाखवा मले. एका ठिकाणी मी पोट्ट्याले घेऊन गेलो, तिथं एक ट्रक उभा होता, त्याचे मागचे दोन टायर नव्हते, विटांवर ठेवला होता. सर्टिफिकेट मात्र भेटत होतं, पैसे सांगितले. मी घेतलं नाही. तो पोट्टा आता पुण्यात डिलिव्हरीची मोटरसायकल चालवते. नियम कडक, आणि नियम पाळायची जागा विटांवर, असं आहे ते. मग उरतात आमच्या उस्तादासारखे चाळिशी-पन्नाशीचे लोक आणि त्यांच्याच लायसनच्या तारखेवर अख्ख्या पट्ट्याचा माल लटकलेला.

आणि पलीकडच्या बॉर्डरचं म्हणाल तर, जून २०१५ मध्ये थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ चौघांनी वाहनांचा करार केला होता, आमच्याकडं पेपरात फोटो आला होता, तेव्हा आम्हाले वाटलं आता गाडी थेट ढाक्यापर्यंत जाईल, आपलाच ड्रायव्हर, आपलंच लायसन. त्याच वर्षी कलकत्त्याहून ढाका मार्गे आगरतळ्यापर्यंत एक ट्रायल गाडीही गेली. मग भूतानच्या वरच्या सभागृहानं नाही म्हटलं आणि बाकीच्यांचं आजपर्यंत बैठकाच चालू आहेत. अजूनही गाडी बेनापोलच्या यार्डात जाते, माल उतरते, त्यांच्या गाडीत चढते, फळाले दोनदा हात लागतो. ५ ऑगस्ट २०२४ ले तिकडं सरकार पडलं तेव्हा बॉर्डरवर गाड्या अडकल्या होत्या, त्यात आमच्या शेजारगावची एक होती. आंतरराष्ट्रीय राजकारणात मी काही बोलणार नाही, माझी लायकी नाही. पण जो करार तुमच्या हातात नाही त्याची वाट पाहताना जी ओळ तुमच्या हातात आहे ती तरी परत लिहा.

ती तीस दिवसाची ओळ. समद्यांले नको द्यायची तर नका देऊ, पण ज्याच्या हातात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, आहे, ज्याची गाडी मुदत संपायच्या आधी किंवा तीस दिवसांच्या आत घरापासून निघालेली आहे, त्याले माल पोचवून घरी येईपर्यंत द्या. आणि कलम १५ मध्ये जे "कोणतंही ऑफिस" लिहलं आहे ते बटन कॉम्प्युटरमध्ये टाका, रायपूर, संबलपूर, खरगपूर, जिथं हायवे आहे तिथं, डॉक्टर बसवा, फोटो काढा, कार्ड घरच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा, आमची बायको सही करून घेते. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कलमावरून गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा दोन दिवसांत पेट्रोल पंपावर लाईनी लागल्या आणि दिल्लीनं लगेच बोलणं सुरू केलं, ते कलम अजून लागू केलेलं नाही. तुम्ही ऐकता, हे आम्हाले माहीत आहे. फक्त त्याच्यासाठी गाड्या उभ्या कराव्या लागू नये एवढंच.

उस्तादाचं रिन्यूअल डिसेंबरात झालं, तीन चकरा, एक मेडिकल, एक एजंट. आता टीआर डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. गावातल्या पेंटरकडून मी ती तारीख केबिनमध्ये, गजानन महाराजांच्या फोटोखाली, पिवळ्या रंगात बोटभर उंच अक्षरात लिहून घेतली. पेंटरनं विचारलं, भाऊ, ही कोणाची जयंती होय का? उस्ताद म्हणला, "माही पुण्यतिथी होय, नीट काढ."

आपला,
संत्रापट्ट्यातला एक दहा टायरीवाला